राखलेला डाव

सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी तीन वर्षांत एकदाच ऐकली. शिट्टी पंचाची, त्यात आपण कशाला तोंड घालायचं, असं त्यांचं म्हणणं. मग गळ्यात अडकवता तरी कशाला, असं टीममधल्या मृदुलाने एकदा विचारलं, तर म्हणाले, "मंगळसूत्र काय वाजवायला घालत्यात व्हय?"

वाजवायचं काम त्यांच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट करायचं. सर टाइल्सच्या एका फॅक्टरीत स्टोअरकीपर होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क तेव्हा नुकतं वसत होतं. तिथून दुपारी दोनला शिफ्ट सुटली की कंपनीच्या पिकअपमध्ये पठाण ड्रायव्हरशेजारी बसून ते शहरातल्या ऊद मेथाला यायचे आणि साडेचारच्या ठोक्याला आमच्या ग्राउंडवर उभे असायचे. हेल्मेट उतरवायला विसरायचे की मुद्दाम ठेवायचे, देव जाणे. बोटाच्या पेराने त्यावर एकदा टक् केलं की मागे या. दोनदा केलं की पुढे घुसा. आणि लागोपाठ टकटकटक सुरू झालं की पोरींनो, अब्रू चालली.

आमचं कॉलेज म्हणजे एका शाळेची भाड्याने घेतलेली दुपार. सकाळी तिथे पोरंटोरं पाढे म्हणायची आणि दोननंतर त्याच बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बी.कॉम. व्हायचो. मुलींची फुटबॉल टीम होती, कारण पाच कॉलेजांच्या लीगमध्ये नाव द्यावं लागायचं. शिकवायला पी.टी.च्या मॅडम होत्या, पण त्या मूळच्या बॅडमिंटनच्या. गोल झाला की "वेल प्लेड" म्हणायच्या, मग तो कोणावरही झालेला असो.

सर आले ते शाळेच्या बाथरूमच्या टाइल्स पोचवायला. खोकी उतरवून झाली, चलनावर सही झाली, पठाणाने दोनदा हॉर्न दिला, तरी हा माणूस कुंपणाशी उभाच. शेवटी राहवलं नाही. वाळूतून थेट माझ्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "ए एक नंबर, गोलच्या मधी काय पोस्टाची पेटी हैस व्हय? पुढं ये की."

मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं, हे मी नंतर विचारलं. "चेंडू सुटल्यावर 'अगं आई गं' म्हणालीस," म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची एक नंबर. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात टीम आनंदाने त्यांच्या स्वाधीन केली. पगार नव्हता. कॉलेजने पेट्रोलचं विचारलं, तर सर म्हणाले, पेट्रोल पठाणाच्या गाडीला लागतं, मला चहा लागतो.

ते कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेत फुटबॉल आहे आणि एकाच तालमीत सकाळी कुस्ती नि संध्याकाळी चेंडू चालतो. त्यामुळे सरांच्या डोक्यात दोन्ही खेळांची खिचडी होऊन गेली होती. टॅकलला ते पट काढणं म्हणायचे. ऑफसाइडला लबाडी म्हणायचे. सामन्याच्या दिवशी प्रत्येकीला मूठभर फुटाणे आणि एक खजूर मिळायचा, फुटाणे कोल्हापूरचे आणि खजूर इथला, म्हणजे दोन्हीकडची ताकद. डावपेच शिकवायला पिशवीत फुटक्या टाइल्सचे तुकडे असायचे, पांढरे आमचे आणि चॉकलेटी समोरच्यांचे. समोरच्यांना शत्रू म्हटलेलं त्यांना खपत नसे. "जोड म्हणा. तोलामोलाची जोड मिळायला नशीब लागतंय."

आमची जोड होती शारजाची.

शारजाच्या त्या कॉलेजने आम्हाला दोन वर्षं फायनलमध्ये हरवलं होतं. पहिल्यांदा एका गोलने, दुसऱ्यांदा पेनल्टीवर. त्यांची कॅप्टन शीबा, त्रिचूरची, नऊ नंबर. अंगाने काडी, पण चेंडू लागला की हाताला झिणझिण्या यायच्या. तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच फायनल ठरली, तेव्हा त्यांच्या कॉलेजातून आमच्या ऑफिसात फॅक्स आला. कपाचं चित्र, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'तिसऱ्यांदा, हबीबी'. मृदुलाने तो फॅक्स नोटीस बोर्डावर लावला आणि जाता येता ती त्याला बुक्की मारायची. मृदुला आमची कॅप्टन, ठाण्याची, तिला कशाचाही राग यायला वेळ लागत नसे.

माझं ते शेवटचं वर्ष होतं. एप्रिलमध्ये परीक्षा, मग नोकरी, मग आईच्या यादीतली स्थळं. गेल्या वर्षीची शेवटची पेनल्टी माझ्या बोटांना लागून आत गेली होती आणि मी ती वर्षभर झोपेत अडवत होते. मला तो कप हवा होता. नुसता हवा नव्हता, माझा जीव त्यात अडकला होता. घरी जेवताना मी त्याबद्दल इतकं बोलायचे की बाबा म्हणाले, "त्या कपात चहा तरी मिळतो का गं?" धाकटा भाऊ ताटातून मान वर न काढता म्हणाला, "शी इज गोइंग टू क्राय अगेन, आई."

आता सरांच्या वस्तादांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं आहे.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण आपण सगळेच वापरतो. चेल्याला सगळं शिकवायचं, पण एक डाव स्वतःपाशी ठेवायचा, उद्या उलटला तर कामाला येतो. सरांच्या तालमीतल्या वस्तादांनीही असाच एक राखला होता. त्याची ख्याती पंचक्रोशीत होती, पाहिला मात्र कोणीच नव्हता. म्हातारपणी वस्ताद अंथरुणाला खिळले, वाचा गेली. शेवटच्या दिवशी सगळे पैलवान भोवती बसलेले असताना त्यांनी थरथरता हात उचलला आणि मनगट असं आत वळवून काहीतरी दाखवलं. पुन्हा दाखवलं.

"आमाला वाटलं, पाणी मागत्यात," सर म्हणाले. "पाणी पाजलं. गेलं की."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. हेल्मेटवर बोट ठेवून म्हणाले, "डाव मातीत गेला. राखलेला डाव कुजतोय, पोरींनो. मी काय राखत न्हाई."

ते खरंच राखत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला जे दिलं होतं, त्यावर माझी सगळी कीर्ती उभी होती. पेनल्टी मारणारीचे डोळे बघायचे नाहीत, चेंडू बघायचा नाही. जो पाय जमिनीवर रोवला जातो, त्या पायाचा पंजा बघायचा. पंजा जिकडे, चेंडू तिकडे. "डोळं फसवत्यात. रोवलेला पाय खोटं बोलत न्हाई." गंमत म्हणजे पेनल्टी ते स्वतः कधी बघत नसत. पाठ करून बसायचे. म्हणायचे, पेनल्टी बघायची नसती, ऐकायची. जाळीचा आवाज वेगळा, हाताचा वेगळा.

फायनल शुक्रवारी होती. आदल्या शनिवारी बातमी आली की शारजाच्या गोलकीपरच्या वडिलांची मस्कतला बदली झाली आणि ती गेलीसुद्धा. आता गोलमध्ये कोणी नसीम नावाची मुलगी उभी राहणार होती, जी आत्तापर्यंत त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची.

आम्ही ग्राउंडवर अक्षरशः फेर धरला. मृदुलाने बोर्डावरून फॅक्स काढून आणला आणि त्याचा मुका घेतला. वाळू उडत होती, कोणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडत होतं. आणि तेवढ्यात एकच टक् ऐकू आलं.

सर टाइल्सच्या पिशवीवर बसले होते. चेहरा असा, की त्यांच्याच गोलकीपरची बदली झाली असावी.

"ही काय काटाजोड झाली?" ते म्हणाले. "रिकाम्या दारातनं आत जायचं, त्याला जिंकणं म्हणत न्हाईत. चोरी म्हणत्यात."

त्यांनी फोन कार्ड काढलं, कोपऱ्यावरच्या बूथमधून शारजाला फोन लावला आणि रविवारी साडेचारला शीबा त्या नसीमला घेऊन आमच्या ग्राउंडवर हजर. शीबा हाताची घडी घालून कुंपणाशी उभी राहिली. यात काहीतरी काळंबेरं असणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. तिची चूक नव्हती. मलाही तसंच वाटलं असतं.

"एक नंबर," सर म्हणाले, "हिला तुझं सगळं दे. चार दिस हाईत."

"सर, दिस इज मॅड," मृदुला म्हणाली. "आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा का?"

"धोंडा न्हवं. टाइल," सर म्हणाले आणि पांढरे तुकडे मांडायला लागले.

नसीम हैदराबादची. ठेंगणी, घाबरट, चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला. चेंडू आला की आधी डोळे मिटायची आणि मग हात पुढे करायची. मी तिला रागारागाने शिकवायला घेतलं. पडायचं कसं, उठायचं कसं, पुढे येऊन कोन कसा लहान करायचा. पडून पडून तिच्या कोपरांची सालं निघाली, पण पोरगी हटली नाही. सर मधूनच येऊन त्यांच्या हिंदीत सांगायचे, "बेटी, डरनेका नय. दरवाजा अपना है, चावी अपने पास है."

दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटणं सोडलं. तिसऱ्या दिवशी तिने माझा एक चांगला फटका अडवला आणि माझ्याच तोंडून "शाब्बास" निघून गेलं. मंगळवारी आणि बुधवारी तिने डबा आणला. तिच्या अम्मीने माझ्यासाठी जर्दाळूंचा खुबानी का मीठा करून दिला होता. "अम्मी बोले, जो सिखाती उसको पहले खिलाओ," ती म्हणाली. मी खाल्ला. घशाखाली उतरला नाही म्हणणं खोटं होईल, चांगला दोन वाट्या उतरला. पण उतरताना टोचला.

कारण पायाच्या पंजाचं मी तिला सांगितलं नव्हतं. पेनल्टीच्या वेळी ती अंदाजाने कुठेही उडी मारायची आणि मी गप्प राहायचे. सगळं दिलं, एक राखलं. एवढं तर वस्ताद लोक करतातच, असं मी मनाला समजावत होते. गेल्या वर्षी आम्ही पेनल्टीवरच हरलो होतो.

रोज संध्याकाळी पिकअपमध्ये चढताना सर विचारायचे, "सगळं दिलंस?"

"हो सर."

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, हेल्मेट सारखं करायचे आणि म्हणायचे, "बरं."

त्या माणसाच्या घरचं आम्हाला फार माहीत नव्हतं. बायको आणि मुलगी कोल्हापुरात. दोन वर्षांतून एकदा महिनाभर जायचे. मुलगी आमच्याच वयाची. ती फुटबॉल खेळते का, असं मी विचारलं होतं. "तिला गणित आवडतं," म्हणाले, पोरगी वाया गेल्यासारखं. मग म्हणाले, "दर खेपंला नवीनच पोरगी भेटती बघ. वळख करून घेस्तोवर तिकिटाची तारीख येती." एवढंच. नंतर लगेच टकटकटक.

शुक्रवार उजाडला. मार्चमधली दुपार, ऊन अजून माणसात होतं. ग्राउंडभोवती दोन्ही कॉलेजं, आईबाप, डबे, ढोलकी, शारजाहून दोन बस भरून आलेल्या पोरी. आईने मला देवाला आणि सनस्क्रीनला एकाच दमात शरण जायला सांगितलं.

सामन्याआधी सरांची एक रीत असायची, ती सलामीची. कुस्तीत पैलवान एकमेकांना माती देतात, तशी आमच्या प्रत्येकीने समोरच्या जोडीच्या हातावर चिमूटभर वाळू ठेवायची. पहिल्या वर्षी हे शारजाला कोणी सांगितलंच नव्हतं. मृदुलाने हातावर वाळू ठेवताच शीबाला वाटलं हा अपमान आहे, आणि तिने ती मृदुलाच्या तोंडावर फेकली. चेंडूला पाय लागायच्या आत दोघींना पिवळं कार्ड मिळालं. सुदानी पंच बिचारा वाळूकडे बघत राहिला होता.

आणि या वर्षी बघते तर शारजाच्या पोरींनी बिस्किटाच्या डब्यातून स्वतःची वाळू आणली होती. शीबाने पुढे होऊन ती आधी सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती कपाळाला लावली. तो माणूस त्या क्षणी इतका खूश होता की सामना झाला नसता तरी चाललं असतं.

माझ्यासमोर नसीम आली. तिने माझ्या हातावर वाळू ठेवली, त्यातली अर्धी खाली सांडली. कोपरांना पट्ट्या. चष्मा दोरीने बांधलेला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्या वर्षी सरांकडे बघत असेन. मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली, कानापर्यंत तापले.

मी तिच्या हातावर वाळू ठेवली आणि मूठ मिटू दिली नाही.

"सुन. पेनल्टी में बॉल मत देख, आंख मत देख. जो पैर जमीन पे रहता, उसका पंजा देख. पंजा जिधर, बॉल उधर."

ती म्हणाली, "ये अब बोल रहे तुम?"

"हां. अब."

सामना एक-एक सुटला. शीबाचा गोल मी आयुष्यभर विसरणार नाही आणि मृदुलाचा ती मला विसरू देत नाही. नसीमने तीन चेंडू असे अडवले की शारजाच्या बाकावरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी माझ्या दारातून टाळ्या वाजवत होते हे मला नंतर कोणीतरी सांगितलं. शिट्टी झाली आणि पुन्हा पेनल्टी.

सर उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि ग्राउंडला पाठ करून बसले.

आमची तिसरी पेनल्टी मृदुलाची. मी नसीमकडे बघत होते. तिची नजर खाली गेली, मृदुलाच्या डाव्या बुटावर, आणि चेंडू सुटायच्या आधीच ती निघाली होती. धप्प. ग्लोव्हजचा आवाज. सरांचं हेल्मेट जरा हललं. चौथीला मी त्यांचा चेंडू अडवला, पंजा बघूनच, आणि बरोबरी झाली. मग शीबा आली, आणि तिच्या पंजाने सांगितलेल्या बाजूलाच मी झेपावले, तरी चेंडू हाताच्या वीतभर पुढून आत गेला. काही लोकांपुढे विद्या कमी पडते.

आमची शेवटची किक मारायची होती मला. यादी सरांचीच. दारवानाला दाराची जास्त माहिती, म्हणून मी पाचवी. मी चेंडू ठेवला. नसीमने चष्मा सारखा केला आणि सरळ माझ्या डाव्या पायाकडे बघायला लागली. तिला माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. पळत जाताना मी त्या पायाला मनातल्या मनात हात जोडले, पण तो सरांनी सांगितला होता तसाच निघाला, एक अक्षर खोटं बोलला नाही.

धप्प.

मी वाळूत गुडघ्यांवर बसले. शारजाच्या पोरींनी नसीमला उचललं. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर एक लांब, कर्कश, न थांबणारी शिट्टी ऐकू आली. सुदानी पंचाने दचकून स्वतःच्या हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. सर खुर्चीवर उभे राहून, गाल फुगवून, तीन वर्षांची शिल्लक फुंकत होते. पंचाने त्यांना पिवळं कार्ड दाखवलं. त्यांनी ते त्याच्याकडून मागून घेऊन बघितलं आणि परत केलं.

मग ते माझ्यापाशी आले. "हिला कवा सांगितलंस?"

"आत्ता. सलामीला."

"चार दिस राखलास."

"हो सर." मी रडत होते. "कप गेला, सर. माझ्यामुळे गेला."

"काय जोड झाली गं," ते म्हणाले. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "काय जोड झाली. उद्या साडेचारला ये."

"सर, सीझन संपला. माझं कॉलेजच संपलं."

"साडेचारला," ते म्हणाले आणि पठाणाला शोधायला गेले.

मृदुलाला मी सलामीची गोष्ट पाच वर्षांनी सांगितली, तिच्या लग्नात. ती शालू नेसलेली होती म्हणून मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले, माहीत नाही. गोल सोडवत नव्हता बहुतेक. ग्राउंडवर नसीम आधीच ग्लोव्हज घालून उभी, शारजाहून शेअर टॅक्सीने आलेली. तिलाही साडेचारचं बोलावणं होतं. सरांनी मला चेंडू दिला, स्वतः माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि माझा डावा पाय दोन्ही हातांनी धरून उजवीकडे वळवला. "आता असाच ठेव. आन् घोट्यातनं डावीकडं मार."

मी मारला. नसीमने पंजा बघितला, उजवीकडे झेपावली आणि चेंडू डावीकडून आरामात जाळीत गेला.

"सर," मी ओरडलेच, "म्हणजे पाय खोटं बोलू शकतो? तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं? काल सांगितलं असतं तर कप आपला होता."

सरांनी हेल्मेट काढलं. डोक्यावर जेमतेम चार केस होते, हे मी प्रथमच बघत होते. ते त्यांनी नीट बसवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आन् काल सांगितलं असतं, तर आज कोण आलं असतं?"